डबा उघडण्याआधी

“सामन्याआधी काय घेऊ?” हा प्रश्न बास्केटबॉल खेळणारी मुले-मुली आज उघडपणे विचारतात आणि तो विचारण्यात गैर काहीच नाही. ज्याचे शरीर हेच साधन आहे, त्याने त्या साधनाला काय द्यावे याची चौकशी करणे रास्तच आहे. अडचण आहे ती उत्तर देणाऱ्यांची. परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या खेळाडूला हे उत्तर क्रीडाशास्त्राच्या अभ्यासकाकडून सहसा मिळत नाही. ते जिममधल्या एखाद्या सीनिअरकडून मिळते, मोबाइलवरच्या जाहिरातीतून मिळते किंवा डबा विकणाऱ्याकडून मिळते. दुसऱ्या बाजूला घरचे वडीलधारे आणि काही शिक्षक असतात. त्यांच्या लेखी पावडर म्हणजे सरसकट विष आणि घेणारा वाया गेलेला. या दोन्ही उत्तरांत मोजमाप नाही. हे पुस्तक मोजमापापासून सुरू होते, म्हणून त्याचे मोल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पुराव्यानिशी मांडायची आहे: प्री-वर्कआउटच्या, म्हणजे सराव किंवा सामन्याआधी घ्यायच्या पावडरीच्या, डब्यात जे खरोखर काम करते ते थोडे, स्वस्त आणि मोजून घेता येण्यासारखे आहे, जे मोजता येत नाही तिथे धोका आहे, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात खेळाडूचा खेळ ज्या गोष्टींमुळे अडतो, त्यातल्या बहुतेक डब्याच्या बाहेर आहेत.

महाराष्ट्राला ‘खुराक’ नवा नाही. तालमीतला पैलवान दूध, तूप, बदाम, थंडाई कधी आणि किती घ्यायची हे वस्तादाकडून शिकत आला. त्या परंपरेत चुका होत्या, अतिरेकही होता. पण खुराक देणारा आणि मेहनत करून घेणारा माणूस एकच असे. पोराचे वजन, झोप, पचन त्याच्या डोळ्यांसमोर असे. प्री-वर्कआउट या मालाचा जन्म निराळ्या ठिकाणी झाला. अमेरिकेतल्या शरीरसौष्ठवाच्या वर्तुळात १९८२ च्या सुमारास ‘अल्टिमेट ऑरेंज’ नावाची पावडर आली. या प्रकारातली पहिली म्हणून तिचेच नाव घेतले जाते. तिच्यात इफेड्रा ही उत्तेजक वनस्पती होती. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने अशा पूरकांना बाजारात येण्याआधी सुरक्षितता सिद्ध करण्याच्या सक्तीतून मोकळे केले आणि हा धंदा फोफावला. इफेड्रामुळे मृत्यू होऊ लागल्यावर २००४ मध्ये तिच्यावर बंदी आली. तिची जागा डीएमएए या दुसऱ्या उत्तेजकाने घेतली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत नायजेरियाच्या ओसायेमी ओलुदामोला हिचे महिलांच्या १०० मीटर शर्यतीतले सुवर्णपदक याच द्रव्यामुळे काढून घेण्यात आले. पुढे डीएमएएसुद्धा हद्दपार झाले आणि नवी नावे आली. या इतिहासातून एक क्रम दिसतो. जोरदार ‘किक’ देणारे द्रव्य बाजारात येते, काही वर्षे खपते, माणसे आजारी पडतात, बंदी येते आणि त्याची चुलत भावंडे नव्या वेष्टनात उभी राहतात. वेष्टनावरची ‘नवा फॉर्म्युला’ ही अक्षरे वाचताना हा क्रम आठवावा.

याच काळात प्रयोगशाळेत वेगळे काम चालले होते, आणि तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि एरिक हुल्टमन यांच्या गटाने तोंडावाटे घेतलेल्या क्रिएटिनने स्नायूंमधला साठा वाढतो हे दाखवले. कॅफिनवरचे निर्बंध जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, २००४ मध्ये उठवले, त्यावर तिची नजर मात्र राहिली. २००९ नंतर इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात अँड्र्यू जोन्स यांच्या गटाच्या कामामुळे बीटच्या रसातले नायट्रेट चर्चेत आले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासला. कामगिरीवर थेट परिणामाचा बरा पुरावा असलेली पाचच द्रव्ये त्यांना सापडली: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि खाण्याचा सोडा. बाजारात मात्र पूरकांची गणती नाही. आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार घराणी दिसतात. एक प्रयोगशाळेचे, जे द्रव्यागणिक मात्रा आणि परिणाम विचारते. दुसरे ‘आधी अन्न’ म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांचे. तिसरे जिम आणि बाजाराचे, जे अनेक द्रव्ये एकत्र करून एका चमच्यात देते. चौथे उत्तेजकविरोधी कायद्याचे, ज्याला परिणामापेक्षा लघवीच्या नमुन्यात काय सापडले याच्याशी कर्तव्य असते. ही घराणी एकमेकांशी क्वचितच बोलतात. खेळाडूच्या वाट्याला मात्र चौघांचे परिणाम एकाच वेळी येतात.

कोणते द्रव्य उपयोगी हे ठरवण्याआधी खेळ काय मागतो ते पाहावे लागते. अनेक लेख इथेच घसरतात. सायकलस्वारावर केलेला प्रयोग बास्केटबॉलपटूच्या माथी मारतात. आंतरराष्ट्रीय नियमांनी हा खेळ दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक खेळाडूंवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात दिसले की, सामन्यात खेळाडूची हालचाल सरासरी दर दोन सेकंदांनी बदलते, पूर्ण जोराची धाव सुमारे एकवीस सेकंदांनी एकदा येते आणि प्रत्यक्ष खेळ चालू असताना हृदयाची गती कमाल गतीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे क्षणभराची झेप, थोडी उसंत, पुन्हा झेप, आणि धाप लागलेली असताना शांत हाताने फ्री थ्रो. या मापाने पाचही द्रव्ये तपासली की यादी आकसते. बीटा-अ‍ॅलनिनचा उपयोग एक ते चार मिनिटे सलग चालणाऱ्या जोरकस प्रयत्नात दिसतो आणि तोही काही आठवडे रोज घेतल्यावर; सामन्याआधीच्या एका चमच्याने काही होत नाही. त्याने अंगाला मुंग्या येतात आणि मुलांना वाटते, ‘चढले’. त्या मुंग्या म्हणजे ताकद नव्हे. सोड्याने अनेकांचे पोट बिघडते. बीटच्या रसाचा तरुण बास्केटबॉलपटूंवर प्रयोग झाला तेव्हा उडी, धाव आणि सामन्यातली हालचाल यांत फरक पडला नाही. क्रिएटिन पुन्हा पुन्हा येणाऱ्या झेपेसाठी उपयोगी आहे, आणि शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असल्याने त्याला अधिकही. पण तेही रोज तीन ते पाच ग्रॅम घेऊन साठवायचे असते, ते सामन्याआधी अर्धा तास घेण्याला अर्थ नाही. शिवाय पाणी धरल्याने वजन एखाद-दोन किलो वाढू शकते आणि उडी मारणाऱ्याने ते हिशेबात घ्यावे. राहता राहिले कॅफिन. प्री-वर्कआउट घेतल्यावर जो परिणाम त्याच दिवशी जाणवतो, तो मुख्यत्वे कॅफिनचाच असतो.

कॅफिन मेंदूतल्या थकव्याचा निरोप अडवते. अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य जिथे जाऊन बसायचे, ती जागा ते पटकावते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी, ही मोठ्या माणसांसाठी अभ्यासांत वापरली गेलेली मात्रा. स्पेनमधल्या संशोधकांनी बास्केटबॉलपटूंवर किलोमागे ३ मिलिग्रॅमचे दोन चांगले प्रयोग केले: एक २०१४ चा किशोरवयीन खेळाडूंवरचा, दुसरा २०१७ चा अनुभवी स्त्री-पुरुष खेळाडूंवरचा. दोन्हींत उडी वाढली. दुसऱ्या प्रयोगात ती वाढ सुमारे एक सेंटिमीटर होती आणि नकली सामन्यात रिबाउंडही वाढले. रिबाउंडच्या झुंजीत एक सेंटिमीटर क्षुल्लक नाही, हे हा खेळ खेळलेला कोणीही मान्य करेल. पण नेमबाजी सुधारली नाही. फ्री थ्रोची अचूकता होती तिथेच राहिली आणि २०१७ च्या प्रयोगात कॅफिन घेतलेल्यांमध्ये रात्री झोप न लागण्याची तक्रार वाढली. आता याच्या शेजारी स्टॅनफर्ड विद्यापीठातला चेरी माह यांचा २०११ चा अभ्यास ठेवावा. तिथल्या पुरुष संघातल्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. फ्री थ्रोची अचूकता नऊ टक्के वाढली, तीन गुणांच्या फेकीचीही तेवढीच, आणि धावेची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली. हा अभ्यास लहान आहे, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मान्य. तरीही दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की जो विचार मनात येतो तो टाळता येत नाही: जे द्रव्य उडी एक सेंटिमीटरने वाढवते, तेच द्रव्य नेम सुधारणारी झोप हिरावून घेऊ शकते. शरीरातले निम्मे कॅफिन निघून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला २५० मिलिग्रॅम घेतलेल्या मुलाच्या अंगात रात्री अकरा वाजता दोन-तीन कप चहाएवढे कॅफिन शिल्लक असते. स्पर्धा तीन दिवस चालणार असेल तर पहिल्या दिवशीच्या चमच्याची किंमत तिसऱ्या दिवशी मोजावी लागते.

चमचा हीच खरी अडचण. बाजारातल्या शंभर लोकप्रिय प्री-वर्कआउट पावडरींची २०१९ मध्ये तपासणी झाली. त्यात एका मात्रेतले कॅफिन सरासरी २५० मिलिग्रॅमच्या घरात होते आणि जवळपास निम्म्या घटकांचे स्वतंत्र प्रमाण वेष्टनावर दिलेलेच नव्हते. ‘आमचे खास मिश्रण’ एवढाच उल्लेख. आता हिशेब करा. ऐंशी किलोच्या प्रौढ खेळाडूला २५० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे तीन. सतरा वर्षांखालच्या संघातल्या बेचाळीस किलोच्या मुलीला तोच चमचा म्हणजे किलोमागे सहा. तिने ‘आज फायनल आहे’ म्हणून दोन चमचे घेतले तर बारा. छातीची धडधड, हातांची थरथर, उलटी, घाबरेपणा हे त्या मात्रेचे अपेक्षित परिणाम आहेत. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी आणि किशोरांसाठी दिवसभराची मर्यादा किलोमागे तीन मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे त्या मुलीचा दिवसाचा सगळा वाटा १२६ मिलिग्रॅमचा, आणि घरचा दोन वेळचा चहा त्यातच आला. मोठ्या खेळाडूला कॅफिन हवेच असेल तर त्यासाठी डबा लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार एका पेल्यातल्या फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. मात्रा ठाऊक, पदार्थ ओळखीचा, किंमत काही रुपये. यावर कोणी म्हणेल की डब्याने जो आत्मविश्वास येतो त्याचे काय? तो खरा असतो, हे मी नाकारत नाही. सायकलस्वारांना नुसती बिनऔषधी गोळी देऊन ‘हे कॅफिन आहे’ असे सांगितल्यावर त्यांची कामगिरी सुधारल्याचे २००६ मध्ये दिसले आहे. पण विश्वासासाठी दीड-दोन हजारांचा डबा आणि अज्ञात उत्तेजक कशाला? सरावातले ठरलेले वॉर्म-अप आणि प्रशिक्षकाचा शब्द तेच काम करतात.

‘आधी अन्न’ या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला बगल देणे बरोबर होणार नाही. तो असा की, शहरातली मुले पावडर घेऊन पुढे जाणार आणि गावातल्या पोरांना तुम्ही भाकरी खा म्हणणार. हा गरिबीला दिलेला सात्त्विक मुलामा झाला. आक्षेपातली चीड मला पटते. पण निष्कर्ष पटत नाही, कारण पूरक हे भरलेल्या पातेल्यावरची शेवटची भर असते. पातेले रिकामे असताना तिचा उपयोग नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी. अशी मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्ये धापा टाकू लागते, प्रशिक्षक तिला स्टॅमिना नाही म्हणतात आणि ती पावडरीच्या मागे लागते. कॅफिन तिला थकवा जाणवू देणार नाही, थकव्याचे कारण मात्र तसेच राहील. त्यात जेवणाबरोबर घेतलेला चहा-कॉफी अन्नातले लोह शरीरात मुरू देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेने जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर ही पेये टाळायला सांगितले आहे. परभणीला तर या बाबतीत दुसऱ्याकडे पाहण्याची गरज नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण दिले. लोह आणि जस्त अधिक असलेले ते देशातले पहिले जैवसंपन्न ज्वारीचे वाण. त्याच विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. ज्या जिल्ह्यात असे संशोधन होते तिथल्या खेळाडूच्या ताटाचा अभ्यास तिथेच व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. ज्वारीतले लोह सहज शोषले जात नाही, हेही खरे. सोबत लिंबू, पेरू, आवळा असेल तर ते अधिक लागू पडते. डब्याच्या किमतीत महिनाभर रोज अंडी, दूध आणि शेंगदाणे येतात, हा हिशेब घरोघरी करून पाहण्यासारखा आहे.

पाण्याबद्दलही तेच. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस अंशांच्या पुढे जाणे नवलाचे राहिलेले नाही आणि उन्हाळी शिबिरे नेमकी तेव्हाच असतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घामावाटे गेले की बास्केटबॉलमधली नेमबाजी आणि चपळाई घसरते, हे २००६-०७ मधल्या अमेरिकन प्रयोगांनी दाखवले. पन्नास किलोच्या मुलासाठी दोन टक्के म्हणजे फक्त एक लिटर. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांवरच्या प्रयोगात सहा टक्के साखर आणि क्षार असलेल्या पेयाने नेम सुधारला. लिटरभर पाण्यात साठ ग्रॅम साखर, मीठ आणि लिंबू घातले की जवळपास तेच पेय तयार होते. सरावाआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभे राहायला खर्च येत नाही.

उरतो बंदीचा प्रश्न. “जिल्हा पातळीवर तपासणी कोण करतो?” असे सर्रास विचारले जाते. करत नाहीत, हे बरेचसे खरे आहे. पण जिल्ह्यातच अडकून पडण्यासाठी कोणी खेळत नाही. राज्यातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्या ओढीने खेळणारी मुले-मुली एक दिवस राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचतात. भारतीय बास्केटबॉलने याची किंमत पाहिली आहे. २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवडलेला सतनाम सिंग २०१९ मध्ये राष्ट्रीय शिबिराच्या काळात चाचणीत दोषी आढळला आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. द्रव्य होते हायजेनामिन. ते काही वनस्पतींत नैसर्गिकपणे असते, प्री-वर्कआउट आणि चरबी घटवणाऱ्या पावडरींत आढळते आणि २०१७ पासून बंदी-यादीत नावानिशी आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाने निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. २०१९ मध्येच मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी आली. नियम सरळ आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, ते कसेही आलेले असो. जर्मनीतल्या कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतली ६३४ पूरके तपासली तेव्हा त्यातल्या ९४ मध्ये वेष्टनावर न लिहिलेले स्टेरॉइडसदृश घटक निघाले. हा अहवाल २००४ चा. त्यानंतर नियम कडक झाले, आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये पूरकांसाठी नियम केले. तरी २०२४ च्या एका भारतीय अभ्यासात ३६ प्रथिन-पावडरींपैकी २५ मध्ये प्रथिनांचे प्रमाण लेबलप्रमाणे नव्हते. आणि खेळाडूंच्या चाचण्यांचे म्हणाल तर २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या त्यांच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. “मोठे खेळाडू घेतातच ना?” या युक्तिवादाचे उत्तरही इथेच आहे. त्यांच्यासोबत आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर असतात, तुकडी-तुकडीने तपासलेला माल असतो. डबा तोच दिसला तरी त्यामागची व्यवस्था आपल्याकडे नसते.

प्रस्तुत पुस्तक या सगळ्याकडे परभणीच्या मैदानावरून पाहते. ते औषधांची जंत्री देत नाही आणि कोणत्याही कंपनीची शिफारस करत नाही. प्रत्येक द्रव्याला ते चार प्रश्न विचारते: बास्केटबॉलमध्ये तपासले गेले का, किती मात्रेत, कोणत्या वयावर, आणि त्याची झोपेवर, पोटावर, नियमांवर काय किंमत पडते. जिथे अभ्यास दहा-वीस खेळाडूंवरचेच आहेत तिथे ते तसे स्पष्ट सांगते. मुलींवरचे अभ्यास फारच थोडे आहेत, ही या सगळ्या शास्त्राची मोठी उणीव आहे आणि ती पुस्तकाने झाकलेली नाही. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, प्रशिक्षक, पालक आणि सोळा-सतरा वर्षांचा वाचक यांना डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या तरुणांनाही त्यातला बराच भाग लागू पडेल, कारण तेही याच दुकानांत जातात.

प्रशिक्षकांना एक विनंती. अठरा वर्षांखालच्या संघात प्री-वर्कआउट नाही, हा नियम स्पष्टपणे सांगा. मोठ्या खेळाडूने विचारले तर आधी त्याचे वजन आणि झोपेचे तास विचारा, मग कॅफिनबद्दल बोला. आणि हंगाम सुरू होण्याच्या दोन महिने आधी संघातल्या प्रत्येक मुलामुलीची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते आणि कमतरता निघाली तर ती भरून काढायला तेवढा वेळ लागतो.